विदर्भातल्या अंगणात चाफा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंत कोणत्याही गावात जा, महादेवाच्या देवळापुढं, शाळेच्या आवारात नाहीतर जुन्या वाड्याच्या मागच्या अंगणात एखादा चाफा उभा असतोच. कुणी त्याला पाणी घातलेलं आठवत नाही, कुणी खत दिलेलं आठवत नाही. आणि तरी हौसेनं नवा लावला की दुसऱ्या पावसाळ्यात तो बुडातून सडतो. तेव्हा लोक जे प्रश्न विचारतात ते इथं एकत्र केले आहेत. उत्तरं आपल्या मातीला आणि आपल्या उन्हाला धरून आहेत. कोकणात किंवा पुण्यात दिला जाणारा सल्ला काही ठिकाणी याच्या उलट असेल.

इथं चाफा म्हणजे नेमका कोणता?

जाड, मांसल फांद्यांचा, पान तोडलं की पांढरा चीक गाळणारा. पांढरा चाफा, देवचाफा, खुरचाफा, लाल चाफा ही त्याचीच नावं. शास्त्रीय नाव प्लुमेरिया. कण्हेर, सदाफुली आणि रुई ही त्याची भावंडं, चीक सगळ्यांनाच.

सोनचाफा वेगळा. तो मॅग्नोलियाच्या कुळातला, उंच वाढणारा, ओलावा मागणारा. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, भुईचाफा हळदीच्या. यातल्या कुणालाही खालची उत्तरं लागू नाहीत. रोपवाटिकेत नुसतं ‘चाफा द्या’ म्हटलं तर काहीही हाती पडू शकतं, म्हणून एक पान तोडून बघावं. चीक आला नाही तर ते झाड आपल्या कामाचं नाही.

आपल्याकडं 46-47 अंश तापमान जातं. त्यात टिकते काय?

टिकते. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली होती, आणि शहरातले जुने चाफे आजही उभे आहेत. या झाडाचं मूळ घर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. तिथंही काही महिने धो धो पाऊस आणि मग काही महिने कोरडे, असाच हंगाम असतो. जाड फांद्या म्हणजे त्याची पाण्याची साठवण. कोरड्या दिवसांत पानं टाकून द्यायची आणि फांदीतल्या पाण्यावर दिवस काढायचे, ही त्याची जुनी सवय आहे. म्हणजे आपलं हवामान त्याला परकं नाहीच.

अडचण येते ती पहिल्या दोन उन्हाळ्यांत. कोवळ्या खोडाची साल पश्चिमेच्या उन्हानं भाजते, तडकते, आणि त्या चिरेतून पावसाळ्यात सड शिरते. यावर सोपा इलाज म्हणजे फेब्रुवारी संपता संपता खोडाला पातळ चुना लावणं. दुसरी गोष्ट, सिमेंटच्या भिंतीला किंवा टिनाच्या पत्र्यांना चिकटून नवं रोप लावू नये. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, त्या भिंतीतून रात्री दहापर्यंत झळ येत राहते, वरून ऊन आणि बाजूनं भट्टी. मोठं झाड हे सोसतं, लहान रोपाची पानं कडेनं करपतात.

पान करपलं म्हणून घाबरून रोज पाणी घालायला सुरुवात करू नका. नवी पानं पावसाबरोबर येतातच.

आमची जमीन काळी, कापसाची. चाफा लागेल काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त झाडं इथंच जातात.

काळ्या मातीत चिकण भाग भरपूर असतो. ती ओली झाली की फुगते, मातीतल्या हवेच्या जागा बंद होतात, आणि पाणी खाली उतरायचं थांबतं. सात-आठ दिवसांची झड लागली की मुळांना हवा मिळत नाही. सोयाबीन पिवळं पडतं ते याचमुळं. चाफ्याची मुळं त्याहून हळवी, ती सडायला लागतात. उन्हाळ्यात उलटं होतं. तीच माती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि बारीक मुळं ओढून तुटतात.

यावर बहुतेक लोक करतात ते असं: दोन-तीन फूट खोल खड्डा खणायचा, काळी माती काढून टाकायची, त्यात मुरूम, रेती आणि शेणखत भरायचं आणि झाड लावायचं. ऐकायला बरोबर वाटतं. पण भोवतालची काळी माती पाणी पुढं जाऊ देत नाही आणि मधला मुरूम पाणी पटकन आत घेतो, त्यामुळं पहिल्याच मोठ्या पावसात तो खड्डा हौदासारखा भरतो. झाड त्या हौदात उभं. खड्डा जितका खोल आणि जितका छान भरलेला, तितका धोका मोठा.

काळ्या जमिनीत खड्डा नको, उंचवटा करा. जमीन फक्त वखरल्याएवढी मोकळी करायची आणि तिच्यावर दीड फूट उंच, चार-पाच फूट रुंद ढीग घालायचा. मुरूम एक भाग, जाड रेती एक भाग, तिथलीच माती एक भाग आणि चांगलं कुजलेलं शेणखत अर्धा भाग. कडेनं दगड लावले तर पावसानं ढीग वाहून जात नाही. रोप या ढिगाच्या माथ्यावर लावायचं. मुळं हळूहळू खाली काळ्या मातीत उतरतील, पण बूड कोरडं राहील, आणि चाफ्याला जगायला तेवढं पुरतं.

ज्यांची जमीन मुरमाड किंवा बरड आहे, जिथं शेतीसाठी लोक नाक मुरडतात, तिथं चाफा आपोआप खूश असतो. तिथं दीड फुटाचा साधा खड्डा पुरे.

आम्ही खारपाणपट्ट्यात आहोत. बोअरचं पाणी खारं. मग?

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात, दोन संकटं एकत्र येतात: खारट पाणी आणि निचरा न होणारी माती. चाफा समुद्रकाठीही वाढतो, थोडा खार त्याला चालतो. पण बोअरचं पाणी सतत दिलं की क्षार मातीत साठत जातात, माती आणखी घट्ट होते आणि पानांच्या कडा तपकिरी पडतात. तिथं उंचवटा दोन फुटांचा करा, आणि पाणी शक्यतो छपरावरून साठवलेलं पावसाचं द्या. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात काहीच दिलं नाही तरी चालतं. खारं पाणी देण्यापेक्षा ते बरं.

धानपट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडं, एवढ्या पावसात जमेल का?

जमेल, पण बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, जवळपास नको. बांधीत पाणी मुद्दाम कोंडलेलं असतं आणि शेजारची जमीनही आतून ओलीच राहते. घराजवळची उंच, उताराची जागा निवडा. गडचिरोली आणि गोंदिया-भंडाऱ्याकडं पश्चिम विदर्भापेक्षा पाऊस बराच जास्त, म्हणून पानांवरचा तांबेरा हा बुरशीचा रोगही तिकडं जास्त दिसतो.

कोणता प्रकार घ्यावा?

चार प्रकार सहज मिळतात.

टोकदार पानांचा, हिवाळ्यात पूर्ण उघडा होणारा, पांढऱ्या-पिवळ्या, गुलाबी किंवा लाल फुलांचा हा रुब्रा. वास याचाच सगळ्यात चांगला. आपल्या कोरड्या भागात तोच खरा जुळतो, आणि जुन्या देवळांपुढं बहुतेक हाच असतो.

गोल टोकाच्या, गडद, चकचकीत पानांचा आणि पांढऱ्या फुलांचा ऑबट्युसा. याची पानं सहसा वर्षभर राहतात, म्हणून शहरातल्या बंगल्यांपुढं याची चलती. तांबेरा यावर कमी येतो. पाणी मात्र थोडं जास्त मागतो.

अरुंद, लांब पानांचा आल्बा, पांढऱ्या फुलांचा.

चौथा पुडिका. त्याचं पान नागाच्या फणीसारखं टोकाकडं रुंद होतं. फुलं जवळजवळ वर्षभर, पण वास नाहीच म्हटलं तरी चालेल. झुडपासारखा वाढतो, कुंपणाला ठीक. रस्त्याच्या कडेच्या रोपवाटिकांमध्ये आजकाल हाच जास्त दिसतो, कारण लवकर फुलतो आणि विकला जातो. वासासाठी चाफा लावणाऱ्यानं हा घेऊन फसू नये.

एकच झाड लावायचं असेल तर माझं मत जुन्या पांढऱ्या-पिवळ्या रुब्राला. गावातच कुणाकडं तरी असेल, फांदी फुकट मिळेल, आणि ते झाड तुमच्याच उन्हात, तुमच्याच मातीत वर्षानुवर्षं टिकलेलं असेल. ही खात्री कोणत्याही दुकानात मिळत नाही.

फांदी कधी आणि कशी लावायची?

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च ही सगळ्यात चांगली वेळ. झाड तेव्हा पानांविना असतं, फांदीत अन्न साठलेलं असतं आणि थंडी सरलेली असते. एप्रिलच्या शेवटी लावलेली फांदी नवतपात सुकते, आणि भर पावसाळ्यात लावलेली सडते. गावात लोक आषाढात फांद्या वाटतात, काही लागतातही, पण मुरमाड जमिनीत.

फांदी मागच्या वर्षीची घ्यावी, राखाडी सालीची आणि घट्ट. हिरवं, लुसलुशीत टोक नको. लांबी फूट ते दीड फूट. धारदार सुरीनं किंवा सिकेटरनं एका घावात कापा. चीक गळेल, त्याला ओल्या फडक्यानं पुसून घ्या. पानं असतील तर काढून टाका.

आता जी पायरी सगळे टाळतात ती. ही फांदी लगेच लावायची नाही. सावलीत, वारं लागेल अशा जागी, आडवी ठेवून द्यायची, आठ ते पंधरा दिवस. कापलेला भाग सुकून त्यावर टणक खपली धरली पाहिजे. ओल्या जखमेनं मातीत गेली की बुरशी आत शिरते. फांदी थोडी सुरकुतेल, त्याचं काही वाटून घेऊ नका.

मग पिशवीत किंवा जुन्या डब्यात, अर्धी जाड रेती आणि अर्धी माती भरून, तीन-चार इंच खोल लावा. डब्याच्या बुडाला भोकं हवीत. फांदी वरून जड असते, म्हणून काठीला बांधा. हलत राहिली तर नवी मुळं तुटतात. एकदा पाणी द्या आणि मग नवी पानं दिसेपर्यंत हात आवरा. माती अगदीच खडखडीत झाली तर कडेनं वाटीभर पाणी, बस. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा उन्हाळाभर पुरते.

मुळं धरायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी तीन महिनेही. आधी पानं येतात, मुळं नंतर. फांदीतल्या साठ्यावरच ती पहिली पानं फुटतात. त्यामुळं पानं दिसली म्हणून उपटून मुळं बघायची नाहीत. लहान मुलं घरात असतील तर डबा उंचावर ठेवा, कारण त्यांना हा मोह आवरत नाही.

जमिनीत लावायचं ते मृगाचा पाऊस बसल्यावर, आर्द्रापर्यंत. तोवर मुळं पिशवीत पसरलेली असतात.

अवकाळीच्या वादळात मोठी फांदी मोडली. काय करू?

चाफ्याचं लाकूड ठिसूळ असतं, एप्रिल-मेच्या वादळात हे होतंच. मोडलेला फाटका भाग सरळ कापून घ्या म्हणजे पाणी साचणार नाही. पडलेल्या फांदीचे फूट-दीड फुटाचे तुकडे करून वर सांगितल्याप्रमाणे वाळवा आणि शेजाऱ्यांना वाटा. एप्रिलच्या शेवटी मिळालेला तुकडा सावलीत तसाच पडून राहिला तरी काही आठवडे जिवंत असतो. मृग लागेपर्यंत थांबायचं असेल तर थांबा, मग पिशवीत लावून ओट्यावर, पावसाच्या आडोशाला ठेवा.

पाणी किती द्यायचं?

पहिलं वर्ष: उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, मुळांपर्यंत पोचेल असं. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यात वाईट. दुसरं वर्ष: आठवड्यातून किंवा दहा दिवसांतून एकदा. तिसऱ्या वर्षापासून झाडाला त्याच्या नशिबावर सोडलं तरी चालतं, पण मार्च ते जून दर पंधरवड्याला पाणी मिळालं तर फुलं जास्त येतात.

पावसाळ्यात शून्य. हिवाळ्यात पानं गळाली की तेव्हाही शून्य. पानं नसलेलं झाड पाणी ओढत नाही, ओली माती नुसती मुळांशी पडून राहते. नळाला पाणी आलं की सगळ्या झाडांना सारखं पाणी फिरवायची सवय ज्या घरांत आहे, तिथं चाफा गुलाबाच्या रांगेत लावू नये, एवढंच सांगतो.

डिसेंबरात सगळी पानं गळून राहिली. झाड मेलं काय?

नाही. झोपलं आहे. नोव्हेंबर ते जानेवारी रुब्राची पानं पिवळी पडून गळतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये टोकं पुन्हा हिरवी होतात. कधीकधी पानांआधीच फुलं येतात, तेव्हा ते उघडं झाड आणि वर पांढरे झुबके असं दिसतं.

शंका असेल तर फांदी दाबून बघा. कडक असेल, नखानं खरवडल्यावर खाली हिरवं आणि चीक दिसला, तर झाड ठणठणीत. फांदी बोटानं दबली, पोकळ लागली, आत तपकिरी निघाली तर तो भाग गेला.

गोंदिया-नागपूरकडं काही वर्षी थंडी पाच-सहा अंशांपर्यंत उतरते, चिखलदऱ्याला तर हिवाळा कडकच. कोवळी टोकं काळी पडतात. लहान रोपावर रात्रीपुरती गोणपाटाची टोपी घाला. काळं पडलेलं टोक मार्चमध्ये कापा, त्याआधी नको.

चार वर्षं झाली, झाड हिरवंगार आहे, पण फूल नाही. का?

‘हिरवंगार’ या शब्दातच बहुतेक वेळा उत्तर असतं. तीन कारणं सतत दिसतात.

पहिलं, सावली. चाफ्याला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. कडुनिंबाखाली किंवा दोन घरांच्या फटीत लावलेला चाफा उंच होतो, पानं मोठी होतात, फूल येत नाही. याला खतानं काही फरक पडत नाही. वरच्या झाडाची फांदी कापा नाहीतर चाफा हलवा.

दुसरं, युरिया. कापसाला टाकताना उरलेली मूठ चाफ्याला टाकली जाते. नत्रानं पानं आणि फांद्या सुटतात, फूल मागं पडतं, शिवाय लांब, मऊ फांद्या वाऱ्यात मोडतात.

तिसरं, दरवर्षीची छाटणी. चाफ्याचं फूल फांदीच्या टोकावर येतं. झाड नीटनेटकं दिसावं म्हणून दर पावसाळ्यात टोकं उडवली, तर पुढचा बहरही त्यांच्याबरोबर गेला.

याशिवाय रोप बियांपासून झालेलं असेल तर वेळच लागतो, तीन वर्षं किंवा त्याहून जास्त. फांदीपासूनचं झाड साधारण एक-दोन वर्षांत फुलायला लागतं.

मग खत द्यायचं तरी काय?

मार्चमध्ये एक पाटी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि पावसाच्या सुरुवातीला पुन्हा एक. मोठ्या झाडाला मूठ-दोन मूठ सिंगल सुपर फॉस्फेट चालतं. आपल्या काळ्या जमिनीत पालाश सहसा पुरेसं असतं, त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. सप्टेंबरनंतर काहीच देऊ नये, झाडाला झोपायचं असतं.

पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. कोणता रोग?

रोग नाही, लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण झाडाला ते उचलता येत नाही. नव्या पानांवर हे आधी दिसतं. संत्र्याच्या बागायतदारांना हे चित्र ओळखीचं असेल. जमिनीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकला तर चुनखडी त्यालाही धरून बसते. म्हणून लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून, संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. जुनी, खालची पानं हिवाळ्यात पिवळी पडतात ते वेगळं, त्याला काही करायचं नाही.

पानाखाली नारिंगी भुकटी आली आहे.

हा तांबेरा, बुरशीचा रोग. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पोळ्याच्या सुमाराला हमखास येतो. पानाच्या वर पिवळे ठिपके, खाली नारिंगी पुरळ, मग पान गळतं. चाफ्यावरचा हा तांबेरा गव्हावर जात नाही, ती भीती नको.

झाड यानं मरत नाही. गळालेली पानं गोळा करून जाळा किंवा लांब पुरा, झाडाखाली पडू देऊ नका. दाट फांद्या थोड्या मोकळ्या करा म्हणजे वारं खेळेल. लहान रोपावर फार झाला तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ते तीन ग्रॅम, उघडीप बघून आणि उन्हं उतरल्यावर. मोठ्या झाडावर मी तरी काही फवारा असं सांगणार नाही. थोड्या महिन्यांत ती पानं गळणारच आहेत.

कापसाचं औषध उरलं आहे, तेच मारू का?

नका मारू. चाफा दारात असतो, त्याची फुलं मुलं वेचतात, बायका केसांत माळतात, देवाला जातात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ते आठवत असेल तर शेतातला पंप अंगणात आणायची गरजच पडू नये.

चाफ्यावर फार किडी येतातही कुठं? पपईवर येतो तो पिठ्या ढेकूण यावर येतो, पानाच्या देठाशी पांढरा कापूस चिकटल्यासारखा. थोडा असेल तर पाण्याची जोरदार धार आणि जुना टूथब्रश. जास्त असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाणी. घरच्या झाडाला पन्नास ग्रॅम भरड आणि लिटरभर पाणी पुरे. मुंग्या चढत असतील तर त्यांचा बंदोबस्त आधी, कारण त्या ढेकणांना सांभाळतात.

खोड बुडाशी मऊ लागतं. वाचेल का?

लवकर पाहिलं तर वाचतं, निदान वरचा भाग. मऊ भागाच्या वर कापत जा, जोवर कापलेल्या जागी स्वच्छ पांढरं लाकूड आणि चीक दिसत नाही. मध्ये तपकिरी ठिपका उरला तर आणखी वर. दर घावानंतर सुरी पुसा. वरचा चांगला तुकडा वाळवून फांदीसारखा लावायचा. खालचं बूड मुळांसकट उपटा, आणि त्याच जागी पुन्हा चाफा लावायचा असेल तर आधी उंचवटा करा.

छाटणी कधी करायची?

गरज असेल तेव्हाच, फेब्रुवारीत. फांदीवर फूल येऊन गेलं की तिथं आपोआप दोन-तीन फांद्या फुटतात, त्यामुळं झाड स्वतःच छत्री धरतं. एकच सोट वाढला असेल तर लहानपणी एकदा टोक कापा, तीन-चार फुटांवर. पुढं मेलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढल्या की झालं.

चीक विषारी आहे का? घरात लेकरं आहेत, ढोरं आहेत.

चीक अंगाला लागला तर काहींना खाज येते, पुरळ उठतं. डोळ्यात गेला तर आग होते. भरपूर पाण्यानं धुवा आणि आग थांबली नाही तर दवाखान्यात जा. पोटात गेला तर उलट्या-जुलाब होऊ शकतात. म्हणून कापताना हातमोजे किंवा निदान पिशवी हाताला गुंडाळा, आणि लेकरांना पानं चघळू देऊ नका. मात्र त्याची बहीण बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, आणि साधी कण्हेर यांचा धोका फार मोठा आहे, त्यांची बी किंवा पानं जिवावर बेततात. चाफा त्या पंक्तीत बसत नाही. चिकामुळं शेळ्या-ढोरं सहसा याला तोंड लावत नाहीत, कुंपण नसलेल्या अंगणात हा फायदाच.

चाफ्याच्या वासानं साप येतात म्हणतात.

साप उंदीर-बेडकांच्या मागं येतो, फुलाच्या नाही. झाडाखाली सरपण, विटा आणि तुऱ्हाट्यांचा ढीग असेल तर साप येईल, आणि तो कडुनिंबाखालीही आला असता. बुंध्याभोवतीची जागा झाडून ठेवा. वास रात्री जास्त येतो हे खरं, पण तो निशाचर पतंगांसाठी. फुलात मध नसतोच. पतंग वासाला फसून मध शोधत फुलाफुलावर फिरतो आणि परागकण वाहतो.

शेंगा आल्या आहेत. बी लावू का?

आपल्याकडं शेंग क्वचित धरते, जोडीनं, शिंगांसारखी. पिकायला आठ-नऊ महिने लागतात. सुकून उकलली की आत पंखवाल्या चपट्या बिया. ताज्या असतील तर एक-दोन आठवड्यांत उगवतात, पण फुलाचा रंग आईसारखा येईलच असं नाही. हौस असेल, वेळ असेल तर जरूर लावा. रंग हवा तोच हवा असेल तर फांदी.

भिंतीपासून किती अंतर ठेवू?

दहा-बारा फूट. मुळं पिंपळासारखी भिंत फोडत नाहीत, पण फांद्या पंधरा फूट पसरतात आणि छपरावर घासतात. विजेच्या तारेखाली लावू नका. विहिरीजवळ किंवा मोरीच्या पाण्याच्या वाटेवरही नको.

धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) लावून फुलांचा धंदा होईल का?

माझ्या मते नाही. फूल तोडल्यावर दिवसभरात कडा तपकिरी पडतात, हाराच्या बाजारात झेंडू-शेवंतीपुढं टिकत नाही. देवळाच्या गावी थोडीफार मागणी असते, तेवढीच. धुऱ्यावर लावायचंच तर करंज किंवा कडुनिंब लावा.

कुंडीत चालेल?

चालेल, मातीच्या. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मे महिन्यात मुळं शिजतात. कुंडी विटांवर ठेवा, बुडाखाली ताटली ठेवू नका, आणि दोन-तीन वर्षांनी माती बदला.

मोठं झालेलं झाड दुसरीकडं हलवता येतं का?

येतं, आणि इतर झाडांपेक्षा सोपं. फेब्रुवारीत, पानं नसताना. आठ दिवस आधी पाणी बंद. फांद्या एक तृतीयांश छाटा, कापलेले तुकडे वाळायला ठेवा. बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर गोल चर खणून मुळं सुरीनं कापा, ओढून तोडू नका. झाड उचलण्याआधी बुंध्यावर उत्तरेच्या बाजूला खडूनं खूण करा आणि ती नव्या जागीही उत्तरेलाच ठेवा, नाहीतर सावलीतली साल अचानक पश्चिमेच्या उन्हात येते आणि भाजते. मुळांच्या जखमा चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या. मग उंचवट्यावर, आधी होतं तेवढ्याच खोलीवर लावून तीन काठ्यांचा आधार द्या. पहिलं पाणी आठवड्यानं.